टोपीवरचा झेंडा कुणाचा?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सप्टेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बेथपेजला युरोपने अमेरिकेला १५–१३ असं हरवलं आणि गोल्फमधला रायडर कप हा सांघिक चषक आपल्याकडेच ठेवला. त्यावर गेल्या अंकात लिहिलं, आणि कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लजहून पत्रं आली. स्विंग आणि पटिंगबद्दल फार थोड्यांनी विचारलंय. बहुतेकांचा प्रश्न एकच आहे: हा खेळाडू नेमका कुणाचा?

उत्तरांआधी एक खूणगाठ बांधून ठेवा. गोल्फमध्ये हा प्रश्न तीन ठिकाणी सुटतो: हातात पासपोर्ट कुठला, सदस्यत्व कुठल्या टूरचं (म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेचं) आणि याआधी कुणाकडून खेळलात. रायडर कप पहिल्या दोन गोष्टी बघतो, ऑलिंपिक पहिली आणि तिसरी. या तिन्हींची सरमिसळ झाली की वाद सुरू होतात.

प्रश्न : नातू कॅलिफोर्नियात जन्मला, आता पंधरा वर्षांचा आहे. तिकडच्या शाळेच्या गोल्फ संघात आहे. दर सुट्टीत इकडे येतो, मराठी चांगली बोलतो. त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे. भारताकडून खेळायचं म्हणतो. कार्डावर चालेल का? नसेल तर काय करायचं? (एक आजोबा, कसबा बावडा)

आजोबा, ओसीआयवर (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) चालणार नाही. कार्डाच्या नावात ‘सिटिझन’ शब्द आहे म्हणून घोटाळा होतो. या कार्डामुळे व्हिसाची कटकट कायमची संपते, राहता येतं, शिकता येतं. पण नागरिकत्व मिळत नाही. आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. भारताच्या संघात फक्त भारतीय नागरिक, म्हणजे भारतीय पासपोर्टवालाच, हे क्रीडा मंत्रालयाचं धोरण २००८ पासून आहे आणि ते सगळ्याच खेळांना लागू आहे.

मग वाट कुठली? आधी नातवाच्या आईवडिलांचे पासपोर्ट काढून बघा.

दोघेही अजून भारतीय नागरिक असतील, म्हणजे व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर राहत असतील, तर नागरिकत्व कायदा १९५५ मधलं कलम ५(१)(डी) उपयोगी पडतं. भारतीय नागरिकांच्या अल्पवयीन मुलांची नोंदणी त्याखाली होते. मोठ्या माणसांना बारा महिने भारतात राहण्याची जी अट आहे, ती या कलमात लिहिलेली नाही. मात्र अठरा पूर्ण व्हायच्या आत अर्ज गेला पाहिजे, त्यामुळे तुमच्याकडे तीनच वर्षं आहेत.

आईवडिलांनी अमेरिकी नागरिकत्वाची शपथ घेतली असेल, तर नातू अठरा वर्षांचा होईपर्यंत थांबावं लागेल. त्यानंतर दोन कलमं आहेत. (एफ) खाली आईवडिलांपैकी कोणी एक स्वतंत्र भारताचा नागरिक होता एवढं पुरे. (जी) खाली ओसीआय कार्डाला पाच वर्षं झालेली असावीत. दोन्हींत अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने भारतात वास्तव्य हवं. खरी अडचण याच वर्षाची आहे. अठरा–एकोणीस हेच वय अमेरिकी कॉलेजच्या गोल्फ संघात शिरण्याचं असतं. कॉलेज सोडून वर्षभर इकडे राहायचं, की चार वर्षं खेळून मग यायचं, हे आधीच ठरवून ठेवा. सुट्टीतले दोन–दोन महिने जोडून हे वर्ष भरत नाही.

अर्ज ऑनलाइन करायचा, पडताळणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. क्रम चुकवू नका. आधी भारताकडून मंजुरीचं पत्र, त्यानंतर अमेरिकी नागरिकत्व सोडल्याचा पुरावा, शेवटी भारतीय प्रमाणपत्र. उत्साहाच्या भरात आधी तिकडचं सोडलं, तर पोरगं मधल्या काळात कुठल्याच देशाचं राहत नाही. अमेरिकी नागरिकत्व वकिलातीत स्वतः हजर राहून, शपथेवर सोडावं लागतं. मुलाच्या वतीने आईवडिलांना ते सोडता येत नाही. आणि सोडलेलं परत मिळेल असं धरून चालू नका.

आता खेळाची बाजू. ऑलिंपिक सनदेचा नियम ४१ सांगतो की एखाद्या देशाकडून ऑलिंपिक, खंडीय क्रीडास्पर्धा किंवा आंतरराष्ट्रीय महासंघाने मान्य केलेली जागतिक अथवा खंडीय स्पर्धा खेळलात, तर दुसऱ्या देशाकडून उतरण्याआधी तीन वर्षं जावी लागतात. दोन्ही देशांच्या ऑलिंपिक समित्या आणि महासंघ राजी असतील, तर ही मुदत कमी किंवा माफ होऊ शकते. पण त्या भरवशावर बेत आखू नये. शाळेचा संघ, ज्युनियर टूर, कॉलेजची लीग यात मोजत नाहीत. अमेरिकेची राष्ट्रीय टोपी घालून जागतिक हौशी सांघिक स्पर्धेत उतरला, तर मात्र ते मोजलं जातं. म्हणून तिकडून राष्ट्रीय संघाचं बोलावणं यायच्या आत घरात बसून निर्णय घ्या.

एक मनापासून सांगतो. हा निर्णय नातवाचा असू द्या. भारतातून गेलेल्या आईवडिलांचा मुलगा साहित तीगला २०२४ च्या प्रेसिडेंट्स कपमध्ये (अमेरिका विरुद्ध युरोप सोडून उरलेलं जग) अमेरिकेकडून खेळला. जिथे जन्मला, जिथे शिकला, त्या देशाकडून तो खेळला. त्यात त्याने कुणाशीही बेइमानी केलेली नाही.

प्रश्न : रोरी मॅकलरॉय उत्तर आयर्लंडचा, म्हणजे ब्रिटनचा. मग ऑलिंपिकला आयर्लंडकडून कसा? आणि रायडर कपला युरोपचा झेंडा. एका माणसाच्या किती निष्ठा? (एक वाचक, राजारामपुरी)

कायद्याने बघितलं तर सोपं आहे. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानुसार उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाला स्वतःला आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही म्हणवून घेता येतं. ऑलिंपिक सनदही दुहेरी नागरिकाला दोन्हींतला एक देश निवडू देते.

गोल्फच्या बाजूने बघितलं तर आणखी स्पष्ट होतं. आयर्लंडची राजकीय फाळणी झाली, पण गोल्फची संघटना फुटली नाही. गोल्फिंग युनियन ऑफ आयर्लंड १८९१ ची. सीमारेषा आखली जाण्याच्या तीस वर्षं आधीची. उत्तरेतला पोरगाही याच संघटनेच्या स्पर्धा खेळत, तिच्याच खर्चाने, हिरव्या जर्सीत वाढायचा. मॅकलरॉयही तसाच वाढला. पुढे २००९ आणि २०११ चा वर्ल्ड कपही त्याने ग्रॅम मॅकडॉवेलबरोबर आयर्लंडकडूनच खेळला. ‘याआधी कुणाकडून खेळलात’ या मुद्द्यावर त्याचं पारडं आधीच झुकलेलं होतं.

तरी त्याला त्रास झालाच. तिकडे हा निव्वळ खेळाचा प्रश्न नसतो. धर्म, वस्ती, शेजार, सगळं त्यात येतं. जून २०१४ मध्ये त्याने आयर्लंड जाहीर केलं, २०१६ ला झिका विषाणूचं कारण देऊन रिओतून माघार घेतली, आणि टोकियोत खेळला. तिथे कांस्यपदकासाठी सात जणांचा प्लेऑफ झाला, तो हरला. पण त्याच्या बोलण्यात ऑलिंपिकबद्दलचा जुना दुरावा तिथून पुढे राहिला नाही.

तुम्ही विचारता किती निष्ठा. आपल्याकडचा मल्ल गंगावेशीत नाहीतर मोतीबागेत मेहनत करतो, महाराष्ट्र केसरीला आपल्या जिल्ह्याकडून उतरतो आणि पुढे भारताकडून लढतो. त्याला कोणी विचारतं का, बाबा, तू नक्की कुणाचा?

ब्रिटनचे इतर खेळाडूही असाच झेंडा बदलतात. जस्टिन रोजच्या नावापुढे टूरवर इंग्लंडचा क्रॉस असतो. २०१६ चं ऑलिंपिक सुवर्ण मात्र ग्रेट ब्रिटनच्या खात्यात आहे. आणि त्याचा जन्म जोहान्सबर्गचा.

प्रश्न : रायडर कपमध्ये भारतीय कधी दिसेल? (एक विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर)

भारतीय पासपोर्टवर, कधीच नाही. ती लढत अमेरिका आणि युरोप यांचीच. आपल्यासाठी प्रेसिडेंट्स कप आहे: १९९४ पासून अमेरिकेविरुद्ध युरोप सोडून उरलेलं जग. त्यात अनिर्बन लाहिरी २०१५ आणि २०१७ असा दोनदा खेळला. तिथे पोचलेला तो पहिला भारतीय.

प्रश्न : सर्जिओ गार्सिया स्पॅनिश, जॉन राम स्पॅनिश. दोघेही सौदी पैशाच्या लिव्ह लीगमध्ये गेले. गार्सियाला २०२३ ला रायडर कप बंद आणि रामला २०२५ ला खुला. हा पंक्तिप्रपंच का? (एक वाचक, शाहूपुरी)

वरवर तसं दिसतं, पण पंक्तिप्रपंच नाही. सगळा खेळ सदस्यत्वाच्या कागदाचा आहे.

युरोपच्या संघासाठी युरोपीय नागरिकत्व लागतं (हा युरोप खंड, युरोपीय संघ नव्हे, म्हणून ब्रेक्झिटने काही बिघडलं नाही) आणि डीपी वर्ल्ड टूरचं, म्हणजे युरोपच्या व्यावसायिक टूरचं, सदस्यत्व लागतं. सदस्याने मेजर (सर्वांत मोठ्या स्पर्धा) सोडून वर्षाला किमान चार स्पर्धा टूरवर खेळायच्या. आपल्या टूरची स्पर्धा चालू असताना दुसरीकडे खेळायचं तर परवानगी घ्यायची. लिव्हला गेलेल्यांनी परवानगीशिवाय खेळून दंड ओढवून घेतला. लंडनच्या लवादाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल दिला की टूरला दंड आणि निलंबन करण्याचा अधिकार आहे.

इथून वाटा वेगळ्या झाल्या. गार्सिया, इयान पोल्टर आणि ली वेस्टवूड यांनी मे २०२३ मध्ये राजीनामे दिले. राजीनामा दिला की रायडर कपचं दार बंद. मग तुम्ही २८.५ गुण मिळवून या स्पर्धेच्या इतिहासात सर्वांच्या वर असा, नाहीतर काल आलेले असा. राम आणि टायरेल हॅटन यांनी राजीनामा दिला नाही. त्यांनी दंडाविरुद्ध अपील केलं. अपील प्रलंबित असेपर्यंत सदस्यत्व टिकतं, खेळताही येतं. चार स्पर्धांचा कोटा भरून दोघे बेथपेजला उतरले. एकाच गुन्ह्याला दोन शिक्षा झालेल्या नाहीत. एकाने राजीनामा दिला आणि दुसऱ्याने अपील केलं, एवढाच फरक.

लिव्हचा जमाना नव्हता तेव्हाही हे घडलंय. पॉल केसीने अमेरिकेत पूर्णवेळ खेळण्यासाठी युरोपचं सदस्यत्व सोडलं आणि २०१६ चा रायडर कप हुकला; सदस्यत्व परत घेतलं आणि २०१८ ला तो संघात होता. त्याहून जुनं प्रकरण १९३१ चं. सॅम्युअल रायडर या बियाण्याच्या व्यापाऱ्याने कप दिला, त्याच्या ट्रस्टपत्रात ब्रिटिश खेळाडू ब्रिटनमध्ये जन्मलेला आणि तिथेच राहणारा असावा अशी अट होती. पर्सी अ‍ॅलिस बर्लिनच्या क्लबात नोकरीला होता; तो बाद. ऑब्री बूमर पॅरिसजवळ, तोही बाद. हेन्री कॉटनला सामन्यानंतर अमेरिकेत थांबून खेळायचं होतं, संघाबरोबर परत यायला तो तयार नव्हता, त्यालाही वगळलं. ब्रिटन ओहायोत ९–३ असं हरलं. पोटासाठी परदेशी गेलेल्याला देशाचा नाही असं ठरवलं की नुकसान संघाचंच होतं, हे तेव्हा दिसलं. पण युरोप खंडातल्या खेळाडूंना दार उघडायला १९७९ उजाडलं. त्या वर्षी सेवे बॅलेस्टेरोस आणि अँटोनियो गारिदो हे दोन स्पॅनिश आत आले, आणि एकतर्फी झालेली लढत पुढच्या काही वर्षांत बरोबरीची झाली.

प्रश्न : आमच्या पेठेच्या फुटबॉल संघात बाहेरून खेळाडू आणला की ‘भाडोत्री’ म्हणून ओरडतात. दक्षिण आफ्रिकेचा रोरी सबाटिनी लग्न करून स्लोव्हाक झाला आणि टोकियोत रौप्य घेऊन गेला. तो भाडोत्री नव्हे का? (एक फुटबॉलप्रेमी, मंगळवार पेठ)

कागद आधी. सबाटिनी डर्बनचा. २००३ मध्ये त्याने ट्रेव्हर इमेलमनबरोबर दक्षिण आफ्रिकेला वर्ल्ड कप जिंकून दिला, २००७ ला प्रेसिडेंट्स कप खेळला. पत्नी स्लोव्हाक, त्या नात्याने २०१८ च्या अखेरीस त्याला नागरिकत्व मिळालं. टोकियोचं ऑलिंपिक २०२१ मध्ये झालं; तीन वर्षं मोजायची ती दक्षिण आफ्रिकेकडून शेवटचं खेळल्यापासून, आणि ती केव्हाच उलटून गेली होती. शेवटच्या दिवशी तो ६१ फटक्यांत खेळला, बॅग पत्नीच्याच खांद्यावर होती, आणि रौप्य स्लोव्हाकियाला गेलं. नियमाने यात खोट नाही.

आता मनाचं. आमच्या मते भाडोत्री कोण हे जन्मगावावरून ठरवू नये. लिडिया को सोलची, लहानपणी न्यूझीलंडला गेली, तिथल्याच क्लबात शिकली. रिओत रौप्य, टोकियोत कांस्य, पॅरिसमध्ये सुवर्ण. तिला परकी कोण म्हणेल? सबाटिनीचं प्रकरण तिच्याइतकं स्वच्छ वाटत नाही, कारण स्लोव्हाकियाच्या मैदानांनी त्याला घडवलेलं नव्हतं. पण आणखी एक हिशेब आहे. ऑलिंपिकला पुरुषांच्या साठच जागा. क्रमवारीतल्या पहिल्या पंधरांपैकी एका देशाचे जास्तीत जास्त चार, त्यापुढे एका देशाचे दोनच. मोठ्या देशाचा तिसरा खेळाडू घरी बसतो आणि लहान देशाच्या झेंड्याखाली तोच सहज आत येतो. झेंडा बदलण्याचा मोह या ‘दोनच’मुळे होतो. दोष द्यायचाच तर त्या मोहाला द्या, आणि पेठेतही जर्सीसाठी मैदानावर झिजणाऱ्या पोराला घर कुठलं ते विचारू नका.

याच साठ जागांच्या हिशेबात आपला उदयन माने टोकियोला पोचला. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि राखीव यादीतून पुण्याच्या मानेला जागा मिळाली. ऑलिंपिकला निवड समिती संघ निवडत नाही, क्रमवारी निवडते. म्हणून यादीत आपल्यावर कोण आहे आणि कोण खेळणार नाही, याकडे शेवटच्या आठवड्यापर्यंत डोळा ठेवावा लागतो.

प्रश्न : अमेरिकी खेळाडूंनी रायडर कपसाठी पैसे घेतले, युरोपच्यांनी घेतले नाहीत असं वाचलं. खरं का? (एक वाचक, इचलकरंजी)

खरं. २०२५ ला प्रत्येक अमेरिकी खेळाडूच्या नावे ५ लाख डॉलर होते: ३ लाख त्याने निवडलेल्या समाजकार्याला, २ लाख त्याचे स्वतःचे. त्याआधी १९९९ पासून २ लाख मिळत, तेही समाजकार्यासाठीच. युरोपचे बारा जण मानधनाशिवाय खेळले. पैसे घेतले म्हणून निष्ठा कमी झाली, असं आम्ही म्हणणार नाही. १९८१ मध्ये बॅलेस्टेरोसचं मानधनावरून आपल्या टूरशी बिनसलं आणि तो संघाबाहेर राहिला. १९८३ ला परतला तो संघाचा प्राण होऊनच.

प्रश्न : वर्षभर जो तो स्वतःसाठी खेळतो. तीन दिवसांत संघ कसला होतो? (एक क्रीडाशिक्षिका, कागल)

बाई, हे बघायचं तर फोरसम्स बघा. दोघांत एकच चेंडू, आळीपाळीने फटका. एकाने विषम क्रमांकाच्या होलवर टी-शॉट, म्हणजे पहिला फटका, मारायचा, दुसऱ्याने सम. कुणी कुठला घ्यायचा हे पार-३ होल (तीन फटक्यांत संपवायची आखूड होल) कुठे पडतात त्यावर ठरतं. लोखंडी क्लबने अचूक मारणाऱ्याच्या वाट्याला जास्त पार-३ येतील असं बघतात. चुकीच्या माणसाने फटका मारला तर होल गेलं. दंडाच्या फटक्याने पाळी बदलत नाही, हे चांगले क्लब-खेळाडूही विसरतात.

त्याहून बारीक गोष्ट चेंडूची. प्रत्येकाचा चेंडू वेगळा. कुणाचा ग्रीनवर (खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) लवकर थांबतो, कुणाचा घसरत जातो. होल चालू असताना चेंडू बदलता येत नाही. म्हणून टीवर उभं राहिल्यावर दोघे ठरवतात की पुढचा, ग्रीनवर जाणारा फटका ज्याचा, चेंडू त्याचा. म्हणजे टी-शॉट मारणारा हातात जोडीदाराचा चेंडू घेतो, आपल्या सवयीचा नसलेला. आणि त्याने तो झाडीत घातला, तर तिथून काढायचं जोडीदाराने. वर्षभर एकट्याने पोट भरणारा माणूस तिथे दुसऱ्याच्या सोयीने खेळायला शिकतो. जोडीदाराला ‘सॉरी’ म्हणायचं नाही, असा अलिखित संकेत पुष्कळ जोड्या पाळतात. कारण माफी ऐकून पुढचा फटका मारणाऱ्याच्या हातावर ताण येतो.

प्रश्न : मुलगी राज्यस्तरावर खेळते. अमेरिकी कॉलेजची शिष्यवृत्ती मिळतेय. चार वर्षं तिकडे राहिली तर भारताकडून खेळायचा हक्क जाईल का? (एक पालक, गडहिंग्लज)

नाही, ताई. राहणं वेगळं, नागरिकत्व वेगळं. विद्यार्थी व्हिसाने तर नाहीच, पुढे ग्रीन कार्ड मिळालं तरी ती भारतीयच राहते. परकीय नागरिकत्वाची शपथ घेतली की मात्र भारतीय नागरिकत्व त्या क्षणी आपोआप संपतं. वेगळा अर्ज करावा लागत नाही.

तीन गोष्टी सांभाळा. स्पर्धेच्या प्रवेशिकेत ‘देश’ या रकान्यात राहण्याचं ठिकाण लिहू नका, भारत लिहा. आणि जागतिक हौशी क्रमवारीत तिच्या नावापुढे कुठला देश दिसतो ते पहिल्याच स्पर्धेनंतर तपासा, चूक असेल तर लगेच कळवा. हौशी दर्जा जपा: सवलतीचे फटके नसलेल्या (स्क्रॅच) स्पर्धेत बक्षिसाची मर्यादा १००० डॉलर आहे, त्यावरचा धनादेश नम्रपणे नाकारायचा. आणि पासपोर्टची मुदत कॉलेजच्या चार वर्षांच्या मध्येच संपत असेल, तर निघण्याआधीच नवा करून घ्या.